नव्वदचं दशक, नागपुरातून पाहिलेलं: कोणती तारीख तुमच्या मनातून जात नाही?

धंतोलीचा_मुलगा (धागाकर्ता) · १६ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

माझी पुतणी दहावीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने नव्वदच्या दशकाची यादी केली आणि परवा मला दाखवायला आणली. १९९१ उदारीकरण. १९९२ बाबरी, घरोघरी केबल. १९९३ मुंबईचे बॉम्बस्फोट, किल्लारी. १९९५ गणपती दूध प्यायला, शाहरुख-काजोल. १९९८ पोखरण आणि शारजा. १९९९ कारगिल. यादीत चूक काहीच नाही. यातलं सगळं आमच्याही घरात घडलं, आम्हीही त्याच टीव्हीपुढे बसलो होतो.

पण १९९४ पाशी मी अडखळलो. त्या रकान्यात सुष्मिता सेन होती, ऐश्वर्या राय होती, 'हम आपके हैं कौन' होता. नोव्हेंबर नव्हता.

आमचं घर धंतोलीत, यशवंत स्टेडियमपासून पायी पाच मिनिटांवर. हिवाळी अधिवेशन म्हणजे आम्हा मुलांचा मोसम. पटवर्धन मैदानावरून, स्टेडियमवरून मोर्चे निघायचे आणि शाळा सुटली की दप्तर घरात टाकून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. कोतवाल, अंगणवाडीताई, विनाअनुदानित शिक्षक, कापूसवाले शेतकरी. कोणाच्या टोप्या कोणत्या रंगाच्या, कोणाच्या घोषणा तालात बसतात, सगळं पाठ होतं.

२३ नोव्हेंबर १९९४, बुधवार. मी अकरा वर्षांचा. त्या दिवशी मोर्चा गोवारी समाजाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरं राखणारी माणसं, विदर्भातल्या कुठल्या कुठल्या खेड्यांतून आलेली. बाया खूप होत्या. कडेवर लेकरू, डोक्यावर शिदोरीचं गाठोडं. मागणी एकच, आम्हाला आदिवासी म्हणून सवलती द्या. एका बाईने आमच्या फाटकाशी थांबून पाणी मागितलं. आईने तांब्या भरून दिला. तिने आधी लेकराला पाजलं, मग आणखी दोघींना, उरलं ते स्वतः प्यायली. मोर्चा पुढे गेला तशी तीही गेली.

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर मोर्चा अडवला. संध्याकाळपर्यंत निवेदन घ्यायला कोणी आलं नाही. मग रेटारेटी, लाठी, चेंगराचेंगरी. ११४ माणसं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं.

बाबांचं ऑफिस सिव्हिल लाइन्सला. रोज साडेसहाला यायचे, त्या रात्री नऊ वाजून गेले. आमच्याकडे चित्रहार लागलेला. त्यांनी आल्या आल्या टीव्ही बंद केला आणि मोरीत जाऊन बराच वेळ पाय धूत राहिले. आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "रस्ताभर चपला पडल्या आहेत."

बरोबर एक वर्ष आणि तीन दिवसांनी, २६ नोव्हेंबर १९९५ ला, त्याच सिव्हिल लाइन्समध्ये विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या, म्हणजे व्हीसीएच्या स्टेडियमवर भारत-न्यूझीलंड सामना चालू असताना भिंत कोसळून प्रेक्षक मेले. तेही यादीत नाही.

पुतणीचा दोष नाही. ती यादी जिथून आली तिथे नागपूर फक्त संत्र्यांसाठी आणि उन्हाळ्याच्या पाऱ्यासाठी आठवतं. म्हणून हा धागा. नव्वदच्या दशकातली तुमची तारीख सांगा. बातमी, सिनेमा, मॅच, गाणं, काहीही. फक्त ती नागपुरातून किंवा आपल्या भागातून पाहिलेली असावी.

महालकर · १६ नोव्हेंबर, रात्री ११:३५

धागा वाचला आणि झोप गेली. त्या दिवशी मी व्हीसीएवर होतो.

वय २६, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं. रविवार होता. आम्ही चौघे महालातून दोन सायकलींवर डबलसीट गेलो. घरून पोळीभाजीचे डबे, शिवाय एकाने इतवारीतून किलोभर चिवडा बांधून आणलेला. न्यूझीलंडने पहिली बॅटिंग केली आणि धुलाई केली. ८ बाद ३४८. आजच्या मुलांना त्यात विशेष वाटणार नाही. १९९५ मध्ये पन्नास षटकांत साडेतीनशेच्या जवळ जाणं ऐकूनही माहीत नव्हतं. फळ्यावरचा आकडा लोक परत परत मोजत होते.

मधली सुट्टी झाली. आम्ही डबे उघडले. पलीकडून एक आवाज आला, ट्रकमधून मुरूम ओततात तसा. धूळ उडाली. जवळच्यांना दिसलं असेल, आम्ही लांब होतो. कोणी म्हणालं मांडव पडला, कोणी म्हणालं भांडण झालं. थोड्या वेळाने खेळाडू मैदानात आले, मॅच सुरू झाली. आम्हाला वाटलं, मॅच सुरू झाली म्हणजे फार काही नसेल. आम्ही सचिनसाठी ओरडलो. भारत ९९ धावांनी हरला, आणि आम्ही बॅटिंगला शिव्या घालत बाहेर पडलो.

बाहेर पडल्यावर कळलं. एक माणूस हातात लहान मुलाची टोपी घेऊन प्रत्येकाला विचारत होता, मेयोला नेलं का मेडिकलला? आमच्यातल्या एकाने त्याला सायकलवर बसवून मेयो हॉस्पिटलात नेलं. पुढे त्याचं काय झालं ते कळलं नाही.

त्यानंतर मी टीव्हीवर शेकडो सामने पाहिले. १९९६ ची कोलकात्याची सेमीफायनल पाहिली, कांबळी रडत बाहेर येताना पाहिला. त्या मॅचबद्दल आजही लोक तासभर बोलतात. माझ्या गावच्या मॅचबद्दल मला तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारलं.

पुण्यात_राहते_पण · १७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

महालकर काका, वाचून काही सुचत नाही. इतकी वर्षं हे कोणाला न सांगता राहिलात.

नरखेडची_लेक · १७ नोव्हेंबर, दुपारी १:२०

माझी तारीख ३० जुलै १९९१. मोवाड.

नागपूर शहरातल्या तरुण मुलांनाही हे नाव ठाऊक नसतं, म्हणून सांगते. मोवाड नरखेड तालुक्यात, जिल्ह्याच्या अगदी टोकाला, वर्धा नदीच्या काठी. माझी आत्या तिथे दिलेली. त्या रात्री नदी गावात शिरली. दोनशेवर माणसं वाहून गेली. आत्याचं घर उंचवट्यावर होतं म्हणून ते सगळे पाटणीवर चढून बसले आणि वाचले. मागच्या आळीतली घरं जागेवर राहिलीच नाहीत. आत्या पुढे कित्येक वर्षं पावसाळ्यात रात्रीची झोपायची नाही. खाट खिडकीशी ओढून पाण्याचा आवाज ऐकत बसायची.

आता तारखांकडे बघा. २४ जुलै १९९१ ला मनमोहन सिंगांनी तो अर्थसंकल्प मांडला. त्यावर दरवर्षी लेख येतात, चर्चा होतात, आणि व्हायलाच हव्यात, कारण देश तिथून बदलला. त्यानंतर सहाव्या दिवशी मोवाड वाहून गेलं. अर्थशास्त्र शिकवताना मी मुलांना १९९१ चा जुलै शिकवते. प्रत्येक वर्षी फळ्यावर "जुलै १९९१" लिहिलं की माझा हात क्षणभर थांबतो.

गाव पुढे नव्या जागी वसवलं. त्या दिवशी मोवाडला लोक अजून जमतात. आत्या गेल्यापासून मी जाते.

तर्रीपोहा_सकाळी_सहाला · १७ नोव्हेंबर, रात्री ९:०५

धंतोली भाऊ, महालकर काका, नरखेडताई, तुमचं सगळं मनाला लागून राह्यलं. तुमच्या तारखा मोठ्या आहेत. पण धागा फक्त रडण्याचा नका करू. त्या दशकानं आम्हा पोट्ट्यांना आनंदही भरभरून दिला, त्याचीही नोंद पाहिजे. म्हणून मी माझी लिहितो.

२२ एप्रिल १९९८. शारजा.

तेव्हा आम्ही नंदनवनला राहायचो. एप्रिलचं नागपूर, रात्री दहालाही भिंती तापलेल्या. सगळी गल्ली गच्चीवर झोपायची. संध्याकाळीच पाण्याच्या बादल्या ओतून गच्ची थंड करायची, मग सतरंज्या, मग माठ. त्या दिवशी शेजारच्या काकांनी स्वतःचा रंगीत टीव्ही खालून वर आणला. तीन एक्स्टेंशन बोर्ड एकाला एक जोडलेले. केबलची वायर खिडकीतून ओढून वर घेतली, ती मी हातानं धरून बसलो होतो, कारण सोडली की चित्र जायचं.

तिकडे वाळूचं वादळ आलं. खेळाडू मैदानात पालथे पडले. आम्हाला वादळ नवीन नव्हतं, मे महिन्यात आमच्याकडेही लाल आंधी येते, पण क्रिकेटच्या मैदानात कधी पाहिली नव्हती. वादळानंतर लक्ष्य झालं ४६ षटकांत २७६, आणि फायनल गाठायला २३७ पुरे. सचिन १४३. मॅच आपण हरलो, फायनलमध्ये पोहोचलो. मला आठवते ती मात्र काकांची आई, सत्तर वर्षांची, क्रिकेटमधलं ओ का ठो कळत नसलेली. सचिन आउट झाला तेव्हा तिनं माठातलं पाणी ग्लासात भरलं आणि टीव्हीसमोर ठेवलं. म्हणाली, "लेकरू दमलं."

दोन दिवसांनी, त्याच्या वाढदिवसाला, फायनलमध्ये १३४ आणि कप. गल्लीत फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी आमच्या ठेल्यावर तर्रीपोहे फुकट. ठेलेवाल्यानं नऊपर्यंत कोणाकडूनच पैसे घेतले नाहीत.

गणपतीच्या दुधाचंही सांगतो. २१ सप्टेंबर १९९५. टेकडी गणपतीला रांग, लोक हातात वाटी-चमचा घेऊन. बाबा पदार्थविज्ञानाचे शिक्षक. ते आम्हाला रांगेत घेऊन गेले, दूध चमच्यातून ओढलं जाताना दाखवलं, आणि घरी येऊन पितळेच्या समईला तसंच दूध पाजून दाखवलं. पृष्ठताण हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. आजीनं मात्र समईलाही नमस्कार केला. तो दिवस आमच्या घरातला फार सुंदर दिवस होता.

इंदोरा_दहा_नंबर · १८ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

जय भीम सर्वांना.

आमच्या घरात नव्वदचं दशक सुरू झालं तेच मुळी १९९० च्या बातम्यांनी. त्या वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला केंद्राच्या नोकरीत त्या नव्हत्या. माझा मोठा भाऊ त्यानंतर रेल्वेत लागला. आमच्या वस्तीत १९९१ नंतरची पक्की घरं बघा, त्यातल्या कितीतरी घरांच्या पायात ती १९९० ची दुरुस्ती आहे. उदारीकरणाची तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. ही आमची.

दुसरी तारीख १४ जानेवारी १९९४, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची. विद्यापीठ तिकडे औरंगाबादला, पण त्या मागणीसाठी आमच्या इंदोऱ्यात गोळीबार झालेला, माणसं गेलेली. दहा नंबर पुलाशी त्यांचं स्मारक आहे. बातमी आली तेव्हा आई काहीच बोलली नाही. चूल विझवली, साडी बदलली आणि पुलाकडे चालत गेली. आम्ही मागून. तिथे आधीच शंभरेक बाया होत्या, सगळ्या घरच्या कामातून तशाच उठून आलेल्या.

आणि गाण्यांचं म्हणाल, तर याद्यांमध्ये कुमार सानू, अलका याज्ञिक, ए. आर. रहमान असतात. आम्हीही ते ऐकलं, आवडीने ऐकलं. पण आमची खरी खरेदी दसऱ्याला, दीक्षाभूमीवर. पुस्तकांच्या दुकानांच्या ओळी आणि मधे मधे कॅसेटची दुकानं, प्रत्येकाचा कर्णा वेगळं गाणं लावतोय. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. भाऊ दरवर्षी पाच कॅसेट घ्यायचा. एक घरी, चार गावाकडे. मागे स्तूपाचा घुमट बांधून होत होता, दरवर्षी आम्ही बघायचो किती वर चढला. २००१ च्या डिसेंबरात राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं तेव्हा आई नव्हती. लाखो माणसं विकत घेत होती ती गाणी. दशकाचं संगीत म्हणून त्यांचं नाव कोणी घेत नाही.

पुण्यात_राहते_पण · १८ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

दहा नंबर दादा, कॅसेटचं वाचून अंगावर काटा आला. माझी भर छोटीच: 'माहेरची साडी', १९९१. आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायका एकत्र गेल्या आणि सगळ्या एकत्र रडून आल्या. आई त्यानंतर आठ दिवसांत माहेरी अचलपूरला जाऊन आली, चार वर्षांनी. सिनेमाने माणसाला एसटीत बसवलं, असं मी हे एकदाच पाहिलं.

डिफेन्स_क्वार्टर · १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

१९९९ चा उन्हाळा. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. कारगिल सुरू झालं आणि बाबा घरी दिसेनासे झाले. ओव्हरटाइम, मग त्यावर ओव्हरटाइम. सुट्ट्या असूनही आम्ही आजोळी गेलो नाही. कॉलनीतल्या बायका रात्री फाटकाशी डबे घेऊन जायच्या. टीव्हीवर बोफोर्स तोफा दणाणताना दिसल्या की बाबा आवाज वाढवायचे आणि मान हलवत मोजायचे. काय मोजायचे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कामाबद्दल घरी बोलायचं नाही, हा नियम.

सगळा देश युद्ध टीव्हीवर पाहत होता. आमच्याकडे ते हाताला ग्रीस लावून घरी यायचं.

हायकोर्ट_कँटीन · १९ नोव्हेंबर, दुपारी २:१०

पहिल्या पोस्टमध्ये गोवारींची मागणी आली आहे, पुढे काय झालं ते आलेलं नाही. तरुण वाचकांसाठी थोडक्यात.

अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' अशी नोंद आहे. वाद या दोन शब्दांचा. समाजाचं म्हणणं, ती नोंद आमचीच. शासनाचं म्हणणं, गोंड गोवारी ही वेगळी जमात, गोवारी त्यात येत नाहीत. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने दार बंद झालं आणि त्यातूनच पुढचे मोर्चे. ११४ मृत्यूंनंतर, १९९५ मध्ये राज्याने त्यांना विशेष मागास प्रवर्गात घातलं. आदिवासी म्हणून नाही. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

सीताबर्डीवरून वर्धा रोडला जाणारा उड्डाणपूल आपण रोज वापरतो. त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. पुलाच्या नावात ते आदिवासी आहेत. कागदावर नाहीत. मी त्या खटल्यात कोणाचाही वकील नव्हतो, पण २०१८ च्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात म्हातारी माणसं एकमेकांच्या पाया पडत होती, ते मी पाहिलं आहे.

धंतोलीचा_मुलगा · १९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सर्वांचे आभार. कँटीन साहेब, तुमची पोस्ट छापून घेतली.

तर्री भाऊ, तुमचं खरं आहे आणि मला ते मान्य आहे. शारजाच्या रात्री मीही ओरडलो होतो. फक्त एक सांगतो. तुमच्या पोस्टमध्ये सचिनपेक्षा त्या आजींचा ग्लास माझ्या लक्षात राहिला. गच्ची, माठ, वायर धरून बसलेला मुलगा, ही शारजाची मॅच फक्त नागपुरात खेळली गेली. असंच हवं आहे. दुःखच लिहा असं मी म्हणत नाही. आपल्या अंगणात जे उतरलं ते लिहा.

किल्लारीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून माझी एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री विसर्जन झालेलं, आम्ही गुलालाने माखलेले तसेच झोपलो. सकाळी उठलो तर रेडिओवर भूकंप. दुपारपर्यंत आमच्या मंडळाच्या मुलांनी त्याच मांडवात पोती मांडली, धान्य आणि कपडे गोळा करायला. मूर्तीचा चौरंग अजून तिथेच होता. त्यावर पोती रचली.

भंडारा_पॅसेंजर · २१ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

तीन दिवस धागा वाचते आहे. लिहू की नको ठरत नव्हतं. मी गोवारी आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते.

१९९४ ला मी सात वर्षांची. आमच्या गावातून ट्रकभर माणसं गेली होती. आजी गेली होती. मलाही न्यायचं ठरलं होतं, पण आदल्या रात्री ताप आला म्हणून आईने ठेवून घेतलं. आजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आली. शेजारची काकू आली नाही. तिचा मुलगा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, बारा वर्षांचा. तो ट्रकच्या वाटेवर दोन दिवस बसून होता.

आजीने कधी सविस्तर सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "आम्ही भांडाले नोयतो गेलो, बाई. सांगाले गेलो होतो."

आमची दिवाळी तुम्हाला ठाऊक नसेल. गायगोधनाला आम्ही गाई खेळवतो, उंच बांबूवर सजवलेली ढाल निघते, डफ वाजतो, सगळं गाव आमच्या मागे नाचतं. वर्षभर गावाची गुरं राखणाऱ्याचा तो मानाचा दिवस. १९९५ च्या दिवाळीत आमच्या गावात ढाल निघाली नाही. त्याच दिवसांत सूर्यग्रहण आलं, २४ ऑक्टोबरला. लोक काळ्या काचा घेऊन आभाळाकडे बघत होते. आजी गोठ्यात बसून राहिली. म्हणाली, गाईलेही समजते.

१९९६ ला ढाल परत निघाली. काकूच्या मुलाने उचलली. चौदा वर्षांचा, अंगाने काटकुळा, ढाल त्याच्या दुप्पट उंच. गावच्या पाटलांनी मागून हात लावला, कारण ती कलंडत होती. त्याने मागे वळून सांगितलं, हात नका लावू.

तोच मुलगा गावात सचिनचा सगळ्यात मोठा भक्त. शारजाच्या वेळी तो सोळा वर्षांचा. मॅच बघायला चार कोस सायकल मारत दुसऱ्या गावी गेला, कारण आमच्याकडे केबल नव्हतं. परत येऊन त्याने रात्री आम्हा सगळ्या पोरांना उठवलं आणि वादळापासून शेवटपर्यंत सगळी मॅच करून दाखवली, काठीची बॅट घेऊन. तर्री भाऊ, तुमची मॅच मी तशी पाहिली आहे. म्हणून सांगते, तुमची पोस्ट मला या धाग्यावर परकी वाटली नाही.

धंतोली भाऊ, तुमच्या आईने पाणी दिलं ती कोण होती मला माहीत नाही. आजी सांगायची, एका घरी पाणी मिळालं होतं, तांब्याच्या तांब्यात. अशी पुष्कळ घरं असतील. पण तुमच्या आई असतील तर त्यांना नमस्कार सांगा.

धंतोलीचा_मुलगा · २१ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

ताई, आई आहे. ८१ वर्षांची. आत्ताच तिला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि माळ्यावरून तांब्या काढायला सांगते आहे.

भंडारा_पॅसेंजर · २१ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

२३ ला आम्ही सकाळच्या गाडीने येतो. झिरो माइलजवळ स्मारकापाशी. दरवर्षी येतो.

धंतोलीचा_मुलगा · २१ नोव्हेंबर, सकाळी ८:२४

आम्ही तिघं येतो. आई, पुतणी आणि मी.

महालकर · २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मीही आज गेलो होतो. धंतोली भाऊंची आई रिक्षातून तांब्या मांडीवर घेऊन आली. भंडाऱ्याच्या ताईंसोबत ढाल उचलणारा तो मुलगा होता. आता केस पांढरे आहेत. त्याने पाणी प्यायलं.

तिथे उभं असताना ठरवलं, म्हणून इथे लिहून ठेवतो. २६ तारखेला सकाळी आठ वाजता मी सिव्हिल लाइन्सच्या जुन्या स्टेडियमच्या बाहेर उभा राहणार आहे. अर्धा तास. काही करायचं नाही, फक्त उभं राहायचं. तो टोपी घेऊन फिरणारा माणूस किंवा त्याच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर भेटावं. मी निळा स्वेटर घालून येईन.

तर्रीपोहा_सकाळी_सहाला · २३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

काका, मी येतो. सव्वासातला महालातून तुम्हाला घेतो.